जपानी गाणी इतकी भरगच्च का असतात?

पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा जपानी पॉप बहुतेकांना जरा जास्तच वाटतं. चाल स्थिरावते न स्थिरावते तोच बदलते, गिटार आणि ड्रम क्षणभर उसंत देत नाहीत, गायिका श्वास कधी घेते ते कळत नाही, आणि साडेतीन मिनिटांत तीन गाण्यांचा ऐवज संपलेला असतो. पण एकदा गोडी लागली की माणूस त्यात पार बुडतो. मी बुडालेली आहे आणि वर यायची अजिबात इच्छा नाही.

आपल्याकडे बहुतेकजण अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, वाटेने इथे पोचतात. मालिकेच्या सुरुवातीचं दीड मिनिटाचं गाणं पुढे न ढकलता ऐकलं जातं, मग ते पूर्ण शोधलं जातं, मग त्याच बँडचं दुसरं. तिथवर येऊन थबकलेल्यांसाठी हा लेख आहे. ही गाणी अशी का असतात याची कारणं अगदी ठोस आहेत, आणि ती कळली की ऐकण्यातली मजा वाढते. त्यातलं सगळ्यात मोठं कारण आधीच सांगून टाकते: हे संगीत बाहेरच्यांना आवडावं म्हणून कुणी केलेलंच नव्हतं.

घरच्या घरी भागणारा बाजार

संगीताच्या विक्रीत अमेरिकेखालोखाल जपानचा नंबर लागतो, आणि तोही बारा कोटींहून थोड्या जास्त लोकसंख्येच्या जोरावर. उतादा हिकारु यांचा 'फर्स्ट लव्ह' हा १९९९ सालचा अल्बम एकट्या जपानात ७० लाखांहून जास्त खपला. घरीच एवढा श्रोता असेल तर न्यूयॉर्क-लंडनला काय आवडेल याची चिंता कोण करतो? क्यू साकामोतो यांचं १९६१ सालचं एक गाणं १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पाश्चात्त्य बाजारासाठी त्याला 'सुकियाकी' हे नाव दिलं ते एका ब्रिटिश कंपनीने. सुकियाकी हा एक मांसाचा पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यानंतर जपानी भाषेतलं एकही गाणं त्या जागी पोचलेलं नाही, आणि जपानी संगीताचं त्यावाचून काही अडलंही नाही.

'जे-पॉप' हे नावसुद्धा घरच्या गरजेतून आलं. १९८८ च्या सुमारास तोक्योतल्या जे-वेव्ह या रेडिओ केंद्राने ते रुळवलं. परदेशी गाण्यांच्या शेजारी शोभतील अशा जपानी गाण्यांना काहीतरी नाव हवं होतं, म्हणून.

बाहेरच्यांसाठी दार बराच काळ जवळजवळ बंदच होतं. सीडीची किंमत दुकानदाराला कमी करता येत नसे, कारण तिथल्या कायद्यात ठरलेल्या भावाने विकण्याची तरतूद आहे. एका अल्बमला तीन हजार येनच्या आसपास पैसे पडत. स्पॉटिफाय जपानात आलं ते २०१६ मध्ये. आराशीसारख्या प्रचंड लोकप्रिय गटाची गाणी स्ट्रीमिंगवर यायला २०१९ चा शेवट उजाडला. तोवर यूट्यूबवर कितीतरी व्हिडिओ मुद्दाम अर्धेच ठेवलेले असत. परदेशातल्या चाहत्यांची त्या काळात किती तडफड झाली असेल याची कल्पना करून बघा.

एका शब्दाला चार सूर

आता भाषेकडे येऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संगीतकारांमध्ये एक खरोखरीचा वाद झाला होता: रॉक जपानी भाषेत गाता येतो का? आज हा प्रश्न विचित्र वाटतो, पण अडचण खरी होती. इंग्रजीत एका आघातात, एका सुरावर अख्खा शब्द बसतो. जपानी भाषेचं माप वेगळं आहे. त्याला मोरा म्हणतात. आपल्या मात्रावृत्ताची सवय असलेल्याला ते लगेच कळेल, कारण तिथे दीर्घ स्वर दोन मोजतात आणि प्रत्येक मोरा साधारण सारखाच वेळ घेतो. आपण 'तोक्यो' दोन अक्षरांत उरकतो. जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असे चार मोजतो. परंपरेने एका मोऱ्याला एक सूर. म्हणजे नुसतं शहराचं नाव घेण्यात चार सूर गेले. तेवढ्याच चालीत इंग्रजी गाणं अख्खं वाक्य बोलून मोकळं होतं.

हॅपी एंड या बँडने १९७१ च्या 'काझेमाची रोमान' या अल्बममध्ये हा प्रश्न सोडवून दाखवला. होसोनो हारुओमी, ओताकी एइइची, मात्सुमोतो ताकाशी आणि सुझुकी शिगेरु हे ते चौघे. शब्द ओढून, लांबवून, जपानी बोलण्याचा संथपणा त्यांनी तसाच ठेवला आणि त्याखाली रॉकचा ठेका धरला. १९७८ मध्ये आलेल्या सदर्न ऑल स्टार्सच्या कुवाता केइसुके यांनी उलट वाट पकडली: जपानी शब्द असे चावून, घाईने म्हणायचे की ते इंग्रजीसारखे ऐकू यावेत. पुढे १९९८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या उतादा हिकारु यांचं 'ऑटोमॅटिक' आलं. तेव्हा त्यांचं वय १५. गाण्याची पहिलीच ओळ अशी की शब्द मधेच तोडलाय, पहिलं अक्षर एकटं सोडून द्यायचं, थांबायचं, मग उरलेला शब्द. जपानी कानांना हे पूर्ण नवं होतं. मला आजही ती ओळ ऐकताना ताल जिथे अपेक्षित आहे तिथे न पडल्याचा तो छोटासा धक्का बसतो, आणि तो हवाहवासा वाटतो.

तिसरी वाट म्हणजे सूरच वाढवायचे. कमी वेळात जास्त मोरे, जास्त सूर, जास्त वेग. आजचं जपानी पॉप बरंचसं याच वाटेने चाललंय. त्याला जोर कुठून मिळाला ते पुढे येईलच.

षड्जावर न उतरणारी गाणी

जपानी गाण्याचे तीन मुख्य भाग असतात. ए-मेलो, म्हणजे सुरुवातीची शांत चाल. बी-मेलो, म्हणजे चढण. आणि साबी, म्हणजे गाण्याचा गाभा, जो लोक गुणगुणतात. पाश्चात्त्य पॉपमध्येही बी-मेलोसारखा भाग असतो. जपानात तो जिवापाड जपला जातो, कारण साबी कोसळायचा तर आधी उंचीवर जायला हवं. दुसऱ्या साबीनंतर बहुतेक वेळा वेगळीच चाल येते. शेवटच्या साबीआधी सगळी वाद्यं बाजूला होऊन आवाज जवळजवळ एकटा राहतो, त्याला ओचि-साबी म्हणतात, आणि मग सगळं एकदम परत येतं, कधी अर्धा स्वर चढून. हा आराखडा ओळखीचा झाला की गाणं ऐकताना आपण वाट बघायला लागतो.

कॉर्डचंही, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचंही, तसंच. जपानी संगीतकार ज्याला 'राजमार्ग' म्हणतात असा एक क्रम आहे. सी मेजरमध्ये तो होतो एफ, जी, ई मायनर, ए मायनर. गिटार असेल तर आत्ता वाजवून बघा. यात सी कुठेच नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर गाणं षड्जाभोवती फिरतं, पण षड्जावर न्यास करत नाही, तिथे येऊन थांबत नाही. जपानी गाण्यातली ती आनंद आणि हुरहुर एकत्र असल्याची भावना बऱ्याच अंशी इथून येते. हेच चार कॉर्ड शेकडो गाण्यांत सापडतील. शीना रिंगो यांच्या १९९९ मधल्या एका गाण्यावरून ओळखला जाणारा 'मारुनोउची' क्रम हा दुसरा लाडका. मूळचा अमेरिकन सोल संगीताच्या वळणाचा, जरा शहरी, जरा रात्रीचा.

आणि एक गोष्ट खास मराठी कानांसाठी. जपानी गाण्यांत योनानुकी नावाची स्वरावली फार जुनी आहे. चौथा आणि सातवा स्वर वगळायचा. मध्यम आणि निषाद वर्ज्य, उरले सा रे ग प ध. भूपच की! साकामोतोंच्या त्या १९६१ च्या गाण्याची पहिली ओळ पेटीवर काढून बघा, पाच स्वरांत बसते. रागाचं चलन तिथे नसतं, आणि खालचे कॉर्ड बदलले की त्याच पाच स्वरांचा रंग बदलतो. पण लहानपणापासून भूप ऐकलेल्या माणसाला ही गाणी पहिल्याच वेळी ओळखीची का वाटतात, याचं कारण मला तरी इथे दिसतं.

जिला श्वास लागत नाही ती गायिका

आता माझा सगळ्यात आवडता भाग. २००७ च्या ३१ ऑगस्टला सप्पोरो शहरातल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने एक सॉफ्टवेअर विकायला काढलं. तंत्रज्ञान यामाहाचं, वोकलॉइड नावाचं. साकी फुजिता या आवाज-अभिनेत्रीचे ध्वनी त्यात भरलेले. संगणकावर सूर आणि शब्द लिहा, ते ती गाऊन दाखवते. वेष्टनावर निळसर-हिरव्या लांब दोन शेंड्यांची मुलगी होती. नाव हात्सुने मिकू.

त्याआधी काही महिने निकोनिको नावाचं व्हिडिओ संकेतस्थळ सुरू झालं होतं, ज्यावर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया चालू व्हिडिओवरूनच सरकत जातात. या दोन गोष्टी जुळल्या आणि भलतंच काही घडलं. घरात एकट्याने बसून गाणी करणाऱ्या, गाता न येणाऱ्या, गायिका परवडत नसलेल्या हजारो तरुणांना एकदम गायिका मिळाली. एकाने गाणं केलं की दुसरा त्याचं चित्र काढायचा, तिसरा त्याला हलवून व्हिडिओ करायचा, चौथी ते स्वतःच्या आवाजात गाऊन टाकायची, पाचवी त्यावर नाचायची. क्रिप्टनने बिनधंदेवाईक वापराला मोकळीक दिली, म्हणून हे फोफावलं.

संगीतावर याचा परिणाम असा झाला की मिकूला श्वास लागत नाही. तिचा घसा बसत नाही. दोन सप्तकांची उडी तिला सहज जमते. त्यामुळे माणसाच्या गळ्याचा विचारच न करता गाणी लिहिली जाऊ लागली, प्रचंड वेगाची, शब्दांनी ठासून भरलेली. वोवाका या नावाने लिहिणाऱ्या संगीतकाराची २०१० च्या आसपासची गाणी ऐका. पियानो आणि गिटारचे तुकडे इतक्या तातडीने येतात की ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. वोवाका २०१९ मध्ये, अवघ्या तिशी ओलांडलेल्या वयात गेले. आजच्या गाण्यांत त्यांची छाया मला सतत दिसते.

मग मुलांनी काय केलं, तर मिकूची ती अशक्य गाणी स्वतः गायला घेतली. जमेपर्यंत घोटली. गाणं कसं असतं हे त्यांनी यंत्राकडून शिकून घेतलं, आणि तीच मुलं मोठी होऊन आजच्या जपानी पॉपच्या अग्रभागी बसली. केन्शी योनेझु आधी 'हाची' या नावाने वोकलॉइड गाणी करायचे. २०१२ मध्ये स्वतःच्या आवाजात पहिला अल्बम काढला, २०१८ मधलं त्यांचं 'लेमन' जपानात घरोघरी पोचलं. योआसोबी या जोडीचे संगीतकार आयासे, योरुशिका या जोडीचे एन-बुना, दोघेही याच शाळेतले. आदो ही गायिका २००२ ची. घरातल्या कपाटात बसून आवाज रेकॉर्ड करायची. 'उस्सेवा' हे तिचं गाणं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला १८ वर्षं पूर्ण झाली. ती चेहरा दाखवत नाही. २०२४ मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये गाताना प्रेक्षकांना तिची फक्त सावली दिसत होती. कुजबुज, गुरगुर, किंचाळी, शास्त्रीय वाटावा असा स्वच्छ सूर, हे सगळं ती एका कडव्यात करते.

योआसोबीचं 'योरु नि काकेरु' २०१९ च्या डिसेंबरात आलं. एका हौशी लेखिकेच्या इंटरनेटवरच्या लघुकथेवरून केलेलं. कथा मृत्यूच्या ओढीची, चाल मात्र झुळझुळती. २०२० च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत ते पहिलं आलं, तेही सीडी न काढता. सीडीच्या देशात हे होणं ही मोठीच घटना होती.

दीड मिनिटाचा हिशोब

जपानात गाणं सहसा एकटं येत नाही. ते मालिकेला, जाहिरातीला, चित्रपटाला जोडलेलं असतं. याला तिथे 'टाय-अप' म्हणतात. अ‍ॅनिमेत तर संगीत कंपन्यांचे पैसेच गुंतलेले असतात. अ‍ॅनिप्लेक्स ही मोठी अ‍ॅनिमे निर्मिती कंपनी सोनी म्युझिकच्या मालकीची आहे. सुरुवातीच्या गाण्याला मिळतो तो वेळ दीड मिनिटाचा. तेवढ्यात प्रास्ताविक, ए-मेलो, बी-मेलो आणि साबी बसवायचे, पात्रांची ओळख करून द्यायची, आणि दर आठवड्याला ऐकूनही कंटाळा येणार नाही एवढं आत ठेवायचं.

उदाहरण म्हणून योआसोबीचं 'आयडॉल' घ्या. २०२३ च्या एप्रिलमधलं, 'ओशी नो को' या मालिकेसाठीचं. मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, लेखक आकासाका आका यांनी या गाण्यासाठी वेगळी लघुकथा लिहिली आणि आयासेंनी तिच्यावरून गाणं केलं. ते आता लावा. सुरुवातीला जणू देवळातला समूहस्वर, लगेच खाली जड ठेका आणि त्यावर योआसोबीची गायिका इकुरा हिचं जवळजवळ बोलणं. मागे चाहत्यांच्या आरोळ्या आहेत, जपानी आयडॉल गटांच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण तारकांच्या, कार्यक्रमात प्रेक्षक खरोखर देतात तशा. मग बी-मेलोत आवाज गोड होतो, साबीत आणखी गोड, अगदी मंचावरच्या हसऱ्या मुलीचा. दुसऱ्या कडव्यात तोच आवाज मत्सराने धारदार होतो, कारण आता बोलणारी त्याच गटातली दुसरी मुलगी आहे. आणि शेवटी, ओचि-साबीत, आयडॉल स्वतःशी बोलते. एकच गायिका, निदान तीन माणसं. भाषा येत नसली तरी आवाजाचे हे बदल ऐकू येतात. जपानच्या यादीत हे गाणं सलग २१ आठवडे पहिलं राहिलं, आणि अमेरिका वगळून जगाची जी बिलबोर्ड यादी असते तिथेही पहिलं गेलं.

तळघरातले बँड

संगणकावर वाढलेल्या गाण्यांइतकंच जिवंत दुसरं जग आहे लाइव्ह हाउसचं. तोक्योच्या शिमोकिताझावासारख्या भागात जिना उतरून तळघरात जायचं, दीड-दोनशे माणसं मावतील अशी खोली, उत्तम ध्वनियंत्रणा, एका संध्याकाळी चार-पाच बँड. तिकिटाबरोबर पाच-सहाशे येनचं पेय घ्यावंच लागतं, कारण या जागांकडे परवाना खानपानगृहाचा असतो.

नव्या बँडला इथे 'नोरुमा' सोसावा लागतो. समजा दोन हजार येनची २० तिकिटं खपवायची जबाबदारी बँडवर आहे. १२ खपली तर उरलेल्या आठांचे १६ हजार येन बँडच्या खिशातून जातात. मुलं दुकानात काम करून हे पैसे भरतात आणि पुन्हा वाजवायला उभी राहतात. मला ही पद्धत क्रूर वाटते. पण त्यातून तावून सुलाखून निघालेला बँड मंचावर कसा वाजवतो तेही ऐकण्यासारखं असतं.

२०२२ ची 'बोच्ची द रॉक' ही मालिका याच जगाची. कमालीच्या बुजऱ्या मुलीची, जी कपाटात बसून गिटार शिकते. त्यातल्या चौघींची आडनावं गोतो, किता, यामादा, इजिची. ही एशियन कुंग-फू जनरेशन या बँडच्या चौघांची आडनावं आहेत, आणि भागांची शीर्षकंही त्यांच्याच गाण्यांवरून घेतलेली. 'नारुतो' या मालिकेचं 'हारुका कानाता' ज्यांनी गायलं तेच हे. मालिका संपवून त्यांच्याकडे वळलेल्या नव्या चाहत्यांना बघून मला फार बरं वाटतं.

ओकायामाचा मुलगा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. त्याच ओकायामा प्रांतातल्या सातोशो या छोट्या गावचा गायक फुजिई काझे. वडिलांचं कॅफे होतं, पियानो त्यांनीच शिकवला. बाराव्या वर्षापासून तो घरातून वाजवतानाचे व्हिडिओ टाकायचा. त्याच्या पहिल्या दोन अल्बमची नावं 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर' आणि 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल', म्हणजे सत्य साईबाबांची वचनं. २०२२ मधल्या 'ग्रेस'चा व्हिडिओ भारतात चित्रित झाला. त्याच वर्षी त्याचं दोन वर्षांपूर्वीचं 'शिनु नो गा इइ वा' आशियाभर पसरलं, कुठलीही मालिका पाठीशी नसताना. गाणं ओकायामाच्या बोलीत रुळलेल्या माणसाचं आहे, आणि तरी जगाला लागू पडलं.

कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी माणूस बघून सांगते. नाट्यमय, मोठं आवडत असेल तर आदो. कॉर्डचा नाद असेल तर किंग नू, ज्यांचा त्सुनेता दाइकी चेलो शिकलेला आहे, आणि ऑफिशियल हिगे दान्दिझ्म. शहरी, मऊ हवं असेल तर मागे जा, १९७९ मधल्या मात्सुबारा मिकी आणि १९८४ मधल्या ताकेउची मारिया यांच्याकडे. मेटल आवडत असेल तर बेबीमेटल, आणि त्यांचं दिल्लीच्या ब्लडीवुड बँडबरोबरचं २०२५ चं 'बेखौफ'. एका अल्बमला निदान तीन वेळा संधी द्या. पहिल्यांदा फक्त साबी कळतो, दुसऱ्यांदा बी-मेलोची चढण जाणवते, तिसऱ्यांदा बेस गिटार ऐका. जपानी गाण्यांत बेसवादक क्वचितच स्वस्थ बसतो, आणि गाण्यातला खरा दंगा बहुतेक वेळा तिथेच चाललेला असतो.